मोडक्या जनुकाचं बळ

दिवाळीच्या सुमाराला विदर्भातल्या एखाद्या लागण झालेल्या शेतातून कपाशीचं हिरवं बोंड तोडून घ्या. टणक, तुकतुकीत, बाहेरून नाव ठेवायला जागा नाही. ते अंगठ्याने दाबून फोडा. एखाद्या कप्प्यातला ओला कापूस पिवळट, डागाळलेला दिसेल. तिथल्या सरकीला बारीकसं भोक असेल आणि आत जेमतेम सेंटीमीटरभर लांबीची, अंगावर गुलाबी पट्टे असलेली अळी असेल. ती आत शिरली कुठून, याची खूण बोंडावर शोधूनही सापडत नाही. अंड्यातून निघते तेव्हा ती केसाएवढी बारीक असते आणि तेव्हाच कोवळ्या बोंडात शिरते. बोंड वाढत जातं आणि तिच्या मागे दार आपोआप बुजतं. बोंडाऐवजी फुलात शिरली, तर पाकळ्या आतून रेशमी धाग्याने बांधून टाकते. ते फूल मग नीट उमलतच नाही. शेतकरी त्याला डोमकळी म्हणतात.

ही गुलाबी बोंडअळी, शास्त्रीय नाव पेक्टिनोफोरा गॉसिपिएला. १८४० च्या दशकात विल्यम विल्सन सॉन्डर्स या इंग्रज कीटकतज्ज्ञांनी तिचं पहिलं शास्त्रीय वर्णन केलं, तेही भारतातून गेलेल्या नमुन्यांवरून. म्हणजे आपल्या कपाशीशी तिची ओळख जुनी आहे. नवल आहे ते वेगळंच. ज्या झाडावर ती पोसली जाते आहे, ते झाड तिला मारण्यासाठीच घडवलेलं आहे. पानांत, पात्यांत, फुलांत, बोंडाच्या सालीत तिच्यासाठीचं विष आहे. २००२ मध्ये हे बियाणं भारतात आलं तेव्हा थोड्याशा घासांतच तिचा कारभार आटोपत असे. आज तिचे वंशज तेच विष पचवून मोठे होतात, कोषात जातात, पतंग होऊन उडतात आणि पुन्हा त्याच कपाशीवर अंडी घालतात.

एवढ्याशा जिवाने हे साधलं कसं? त्यासाठी तिच्या पोटात उतरावं लागतं.

विषाचा प्रवास

हे विष मुळात माणसाने बनवलेलं नाही. १९०१ मध्ये जपानमध्ये शिगेताने इशिवाता रेशीमकिड्यांच्या एका रोगाचा शोध घेत होते. मेलेल्या अळ्यांमध्ये त्यांना एक जिवाणू सापडला. दहा वर्षांनी जर्मनीत एर्न्स्ट बर्लिनर यांना पिठातल्या पतंगाच्या अळ्यांमध्ये तसाच जिवाणू मिळाला. थुरिंगिया प्रांतावरून त्यांनी त्याला बॅसिलस थुरिंजिएन्सिस हे नाव दिलं. बीटी म्हणतात तो हाच. मातीत राहणारा हा जिवाणू बीजाणू तयार करताना पेशीत प्रथिनाचा एक लहानसा स्फटिक बनवून ठेवतो.

हा स्फटिक माणसाच्या पोटात गेला तर काही घडत नाही. आपलं जठर आम्लधर्मी, अळीचं आतडं उलट अल्कधर्मी. अळीच्या आतड्यात तो विरघळतो. मग तिचेच पाचकरस त्या लांबलचक प्रथिनाचे तुकडे करतात आणि त्यातून विषारी तुकडा मोकळा होतो. म्हणजे विषाला धार लावून देण्याचं काम अळीचं स्वतःचं पोटच करतं. मोकळा झालेला तुकडा आतड्याच्या अस्तराकडे जातो. तिथल्या पेशींच्या पृष्ठभागावर कॅडेरिन नावाचं एक प्रथिन बाहेर डोकावत असतं. विषाचा तुकडा त्याला घट्ट चिकटतो. मग असे तुकडे एकत्र येऊन पेशीच्या आवरणात घुसतात आणि त्याला छिद्रं पाडतात. पेशीत पाणी शिरतं, ती फुगते आणि फुटते. आतड्याचं अस्तर उसवतं, अळी खायची थांबते आणि मरते.

कॅडेरिन आपल्या शरीरातही असतात, पण हे विष ज्याला चिकटतं तसं कॅडेरिन आपल्या आतड्यात नाही. किंबहुना बीटीची विषं इतकी निवडक असतात, की एक विष पतंगांच्या अळ्यांना मारतं तर दुसरं फक्त भुंग्यांच्या. शास्त्रज्ञांनी या विषाचं जनुक कपाशीत बसवलं आणि झाड स्वतःच ते प्रथिन बनवू लागलं. अमेरिकेत १९९६ पासून आणि भारतात २००२ पासून क्राय-१-एसी या एका विषाची कपाशी आली. २००६ मध्ये तिच्या जोडीला क्राय-२-एबी हे दुसरं विष असलेली बोलगार्ड-२ आली. बोंडात दडून बसलेल्या ज्या अळीपर्यंत फवारा पोचत नव्हता, तिच्या तोंडातच औषध गेलं. काही वर्षांत देशातली ९० टक्क्यांहून जास्त कपाशी बीटी झाली.

बिघाड हेच भांडवल

अ‍ॅरिझोना विद्यापीठात शाय मोरिन, ब्रूस टॅबॅशनिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००३ मध्ये एक शोध प्रसिद्ध केला. प्रयोगशाळेत त्यांनी विषाला दाद न देणाऱ्या गुलाबी बोंडअळ्या वाढवल्या होत्या. त्यांच्यात नवं काही सापडेल, विष फोडणारा एखादा तेज पाचकरस मिळेल, असं वाटणं साहजिक होतं. सापडला तो एक बिघाड. कॅडेरिनच्या जनुकातले काही तुकडे गळाले होते. या बिघाडाचे तीन प्रकार त्यांना मिळाले आणि त्यांतले कोणतेही दोन, आईकडून एक आणि बापाकडून एक, मिळालेली अळी बीटी कपाशीवर जगत होती. विष पोटात जात होतं, विरघळत होतं, तुकडेही होत होते. फक्त त्याला चिकटायला जागा उरली नव्हती. ते आलं तसं विष्ठेतून बाहेर पडत होतं.

भारतातल्या शेतांत काय घडलं होतं ते २०१४ मध्ये समजलं. जेफ्री फॅब्रिक, टॅबॅशनिक आणि त्यांच्या भारतीय सहकाऱ्यांनी बीटी कपाशीवर जगलेल्या इथल्या अळ्यांचं कॅडेरिन तपासलं. जनुक तेच, पण मोडण्याचे प्रकार अगदी वेगळे. एकूण आठ नवी मोडकी रूपं निघाली. पुढची गोष्ट तर चक्रावून टाकणारी आहे.

जनुकाचा मजकूर डीएनएवर सलग लिहिलेला नसतो. कामाच्या भागांमध्ये बिनकामाचे भाग येतात. पेशी आधी सगळ्याची नक्कल करते, मग बिनकामाचे भाग कापून टाकते आणि कामाचे भाग टोकाला टोक जोडते. भारतीय अळ्यांमध्ये ही कापाकापीच बिघडलेली होती. एकाच मोडक्या जनुकाची जोडणी कधी अशी, कधी तशी होत होती. आठ जनुकरूपांतून तब्बल १९ प्रकारच्या नकला निघाल्या. प्रत्येकीत एक तर मजकूर मध्येच तुटलेला, किंवा किमान ९९ अक्षरं गायब, किंवा दोन्ही. एकही नक्कल धड नाही, आणि म्हणूनच प्रत्येक नक्कल अळीच्या कामाची.

घडवणं अवघड असतं, मोडणं सोपं. नवं हत्यार घडवायला जनुकात नेमके बदल नेमक्या जागी व्हावे लागतील. पण चालू असलेली गोष्ट बंद पाडायला शेकडो वाटा असतात. मजकुरात कुठेही घाव बसला तरी काम होतं. अ‍ॅरिझोनात तीन तऱ्हांनी, भारतात आणखी आठ तऱ्हांनी, एकमेकांशी काडीचाही संबंध नसताना, एकाच प्रथिनाचा बळी देऊन अळ्या वाचल्या. पुढे क्राय-२-एबीलाही अळी बधेना, तेव्हा तपासात एबीसीए-२ हे दुसरंच जनुक मोडलेलं निघालं. इथेही जोडणीच चुकलेली होती.

तिला कुणी शिकवलं?

बोलताना आपण सहज म्हणतो, ‘अळीला सवय झाली’, ‘अळी हुशार झाली’. कुठलीही अळी हुशार झालेली नाही. विष खाऊन तिच्या जनुकांत हवा तो बदल होतो, असंही नाही. बीटी खाल्लेली साधी अळी मरते, तिला शिकायला वेळच मिळत नाही. बदल तिच्या आधीच, कुठल्यातरी पूर्वजाच्या अंड्यात किंवा शुक्रपेशीत, डीएनएची नक्कल करताना झालेली चूक म्हणून येऊन बसलेला असतो. विष नसताना त्या चुकीचा उपयोग शून्य, उलट थोडं नुकसानच.

इंग्लंडच्या काळ्या पतंगाची गोष्ट यासाठी पाहण्यासारखी आहे. कारखान्यांच्या काजळीने झाडांची खोडं काळी पडली आणि फिकट पतंगांच्या जागी काळे पतंग वाढले. मँचेस्टरजवळ काळ्या पतंगाची नोंद १८४८ ची. तो काळा रंग कशाने आला हे २०१६ मध्ये उलगडलं: डीएनएचा एक उडता तुकडा कॉर्टेक्स नावाच्या जनुकात येऊन घुसला होता. ती घुसखोरी झाली साधारण १८१९ च्या आसपास, असा शास्त्रज्ञांचा अंदाज आहे. म्हणजे काळा रंग काही दशकं एखाद-दुसऱ्या पतंगात निमूट पडून होता. त्याचे दिवस नंतर आले.

शेतातही हेच घडतं आणि ते नवंही नाही. १९१४ मध्ये अमेरिकेत ए. एल. मेलँडर यांनी एक लेख लिहिला. फवारणीला कीटक दाद देईनासे होऊ शकतात का, हाच त्याचा प्रश्न होता. वॉशिंग्टन राज्यातल्या फळबागांत गंधक-चुन्याच्या फवाऱ्याने खवलेकीड पूर्वीसारखी मरेना, हे त्यांनी पाहिलं होतं. डीडीटीचा तेव्हा कीटकांशी संबंधही आला नव्हता. पुढे डीडीटी आलं, आणि माश्या-डास त्यालाही पुरून उरले.

वाचण्याच्या वाटा मोजक्याच आहेत. विष जिथे चिकटतं ती जागा बदलणं किंवा घालवणं, ही बोंडअळीची वाट. दुसरी वाट विष फोडून टाकणाऱ्या पाचकरसांचं उत्पादन वाढवण्याची. तिसरी विषाच्या वाटेलाच न जाण्याची. स्वयंपाकघरातल्या लहान जर्मन झुरळांनी ही तिसरी वाट धरली. झुरळं मारायच्या आमिषात ग्लुकोजची गोडी घालत असत. काही वर्षांनी काही घरांतली झुरळं आमिषाला तोंडच लावेनात. १९९३ मध्ये हा प्रकार नोंदला गेला आणि २०१३ मध्ये कारण कळलं: या झुरळांच्या तोंडाजवळच्या ज्या चेतापेशी कडू चव ओळखतात, त्या ग्लुकोजनेही चेतवल्या जातात. त्यांना साखर कडू लागते. आणि ही चव आईबापांकडून पिल्लांत उतरते.

लाखात एक नव्हे, दहा लाखांत एक

आता बोंडअळीचं गणित मांडू. प्रत्येक अळीत कॅडेरिनच्या जनुकाच्या दोन प्रती असतात. दोन्ही मोडक्या असतील तरच ती बीटीवर वाचते. एक धड असेल तर पेशीवर कॅडेरिन उगवतंच, विष चिकटतंच आणि अळी मरते. अशा गुणाला अप्रभावी म्हणतात.

समजा, हजार प्रतींत एक मोडकी आहे. मग एकाच अळीत दोन्ही मोडक्या प्रती येण्याची शक्यता हजारात एकाचं हजारात एक, म्हणजे दहा लाखांत एक. एकच मोडकी प्रत बाळगणाऱ्या अळ्या मात्र दहा लाखांत जवळपास दोन हजार. त्या दिसायला साध्या, आणि बीटीवर साध्यांसारख्याच मरणाऱ्या. म्हणजे गुपित सगळ्या रानात पसरलेलं आहे, पण ते उघड होतं फक्त दहा लाखांत एकीच्या अंगी.

आता अशा एका वाचलेल्या अळीचा पतंग झाला. सगळं रान बीटी असेल तर तिच्या आसपास वाचलेले पतंग कोण? तिच्यासारखेच, दोन्ही प्रती मोडक्या असलेले. त्यांची जोडी जमली की शे-दोनशे अंडी, आणि त्यातली एकूण एक अळी विषाला न जुमानणारी. महिन्याभरात पुढची पिढी, हंगामात अशा चार-पाच. पण शेजारी थोडी साधी, बिनबीटी कपाशी असेल तर? तिच्यावर साध्या अळ्या सुखाने वाढतात आणि त्यांचे हजारो पतंग बाहेर पडतात. वाचलेल्या एकुलत्या पतंगाची गाठ मग जवळजवळ नक्कीच साध्या पतंगाशी पडते. त्यांच्या पिल्लांत एक प्रत धड, एक मोडकी. अशी पिल्लं बीटीवर गेली की मेली. आंबट ताकात पाणी घालून आंबटपणा उतरवावा, तसा प्रतिकार पातळ होत राहतो.

म्हणून बीटीसोबत बिनबीटीचं आश्रय पीक लावायचं. थोड्या अळ्यांना जाणूनबुजून पोसायचं, त्यांनी थोडी बोंडं खाल्ली तर खाऊ द्यायची. किडीचं नियंत्रण म्हणजे तिचा नायनाट, असंच आपण धरून चालतो. इथलं गणित सांगतं, की मरणाऱ्या अळ्या शिल्लक ठेवल्या नाहीत तर मारण्याचं साधनच शिल्लक राहत नाही.

याची साक्ष आपल्याच रानात मिळते. हिरवी अमेरिकन बोंडअळी, म्हणजे हरभऱ्यावरची घाटेअळी, हीसुद्धा कपाशी खाते. तिलाही तेच विष मिळालं. पण भारतात बीटी कपाशी कोलमडली ती गुलाबी अळीपुढे, हिरवीपुढे नाही. हिरवी अळी हरभरा, तूर, टोमॅटो, काय मिळेल ते खाते. कपाशी सोडून बाकीचं सगळं शिवार तिच्यासाठी आयतं आश्रय पीक होतं. तिथून साधे पतंग सतत येत राहिले. गुलाबी अळीचा संसार मात्र जवळजवळ कपाशीवरच, आणि कपाशी तर सगळी बीटी. तिच्यासाठी मुद्दाम काही राखून ठेवायला हवं होतं.

तीन देश, तीन निकाल

गुलाबी बोंडअळी अमेरिकेत १९१७ मध्ये टेक्सासात पहिल्यांदा सापडली. अ‍ॅरिझोनात बीटी कपाशी आली तेव्हा शेतकऱ्यांनी आश्रय पीक नेमाने लावलं. २००१ ते २००५ या काळात साडेपाच हजारांहून जास्त अळ्यांचा डीएनए तपासला गेला, त्यांत प्रयोगशाळेतल्या त्या तीन मोडक्या रूपांपैकी एकही मिळालं नाही. त्यानंतर त्यांनी डाव बदलला. अळ्या कारखान्यात वाढवल्या, त्यांचे पतंग किरणोत्साराने वांझ केले आणि विमानांतून कपाशीवर सोडले. अळ्यांच्या खाद्यात लाल रंग मिसळलेला असे, त्यामुळे सापळ्यात सापडलेला पतंग आपला की रानातला हे लगेच ओळखता येई. २००६ ते २०१४ या काळात असे सुमारे ११०० कोटी पतंग सोडले गेले. रानातल्या पतंगाला जोडीदार मिळायचा तो बहुधा वांझ. २०१८ च्या ऑक्टोबरमध्ये अमेरिकेच्या कृषी खात्याने आपली कपाशी गुलाबी बोंडअळीपासून मुक्त झाल्याचं जाहीर केलं. ती तिथे येऊन शंभर वर्षं झाली होती.

चीनमध्ये यांगत्से नदीच्या खोऱ्यात वेगळंच घडलं. तिथे आश्रय पिकाची सक्ती नव्हती आणि प्रतिकार वाढू लागला होता. पण शेतकरी संकरित बीटी कपाशीच्या दुसऱ्या पिढीचं, स्वस्तात तयार होणारं बियाणं मोठ्या प्रमाणात पेरू लागले. मेंडेलच्या नियमाने दुसऱ्या पिढीत साधारण चौथा हिस्सा झाडं बिनबीटी निघतात. म्हणजे कुणी न सांगता शेतभर आश्रय पीक पेरलं गेलं. २००५ ते २०१५ अशा ११ वर्षांच्या नोंदींतून दिसलं, की २०१० नंतर प्रतिकार थांबला नाही, तर चक्क उतरला.

भारतात आश्रय पिकाचा नियम होता. बियाण्याच्या ४५० ग्रॅमच्या पाकिटासोबत १२० ग्रॅमची बिनबीटीची पुडी मिळत असे. बऱ्याच बांधांवर ती पेरलीच गेली नाही. त्याचा दोष शेतकऱ्यावर ढकलून मोकळं होणं सोपं आहे. दोन-तीन एकरांच्या कोरडवाहू शेतातले तास अळीला सोडून द्यायचे, त्याचं नुकसान त्या एकट्याने सोसायचं आणि फायदा सगळ्या तालुक्याने वाटून घ्यायचा, असा तो सौदा होता. शेजाऱ्याने पुडी पेरली नाही तर आपल्या पेरण्याला फारसा अर्थ नाही, हेही त्याला दिसत होतं. त्यात आपली संकरित वाणं लांब मुदतीची. पाणी असेल तर वेचणी संपल्यावरही पीक उभं ठेवून फरदड घ्यायची, पऱ्हाट्या बांधावर रचून ठेवायच्या. गुलाबी अळीला याहून चांगली सोय कुठली? पूर्ण वाढलेली अळी हिवाळ्यात सरकीत, वाळल्या बोंडात सुप्तावस्थेत पडून राहते आणि पुढच्या पेरणीची वाट पाहते.

गुजरातेत अमरेली, भावनगर, जुनागढ, राजकोट या जिल्ह्यांत क्राय-१-एसीला न बधणारी अळी २००९ च्या हंगामात पकडली गेली. दुसरं विष बाजारात आलं होतं, पण पहिलं एव्हाना निकामी होऊ लागलं होतं. दोन विषांचं बळ यात असतं, की पहिल्यातून सुटलेली अळी दुसऱ्यात सापडावी. पहिलं चालेनासं झालं की दोन विषांची कपाशी या अळीपुरती एकाच विषाची उरते. २०१४-१५ पर्यंत गुजरातेत दुसरंही ढासळलं. आणि २०१७ च्या खरिपात विदर्भ-मराठवाड्यात बोंडं फोडावी तिथे अळी निघाली. महाराष्ट्रात तेव्हा कपाशीचं क्षेत्र सुमारे ४० लाख हेक्टर. त्याच हंगामात यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी-शेतमजुरांचा जीव गेला. ज्या बियाण्याने फवारणी कमी करायची होती, त्याच कपाशीत माणसं पुन्हा पाठीवर पंप घेऊन उतरली होती.

प्रतिकाराची किंमत

चीनमध्ये प्रतिकार उतरला, याचा अर्थ नीट पाहायला हवा. मोडकं जनुक मिरवणं फुकटात होत नाही. कपाशीत गॉसिपॉल नावाचं तिचं स्वतःचं विष असतं, पानांत आणि सरकीत. प्रयोगशाळेत दिसलं, की मोडक्या कॅडेरिनच्या अळ्यांना साध्या कपाशीवर गॉसिपॉलचा त्रास इतर अळ्यांपेक्षा जास्त होतो. त्या कमी जगतात, सावकाश वाढतात. बीटी असताना जे जनुक तारतं, तेच बीटी नसताना लोढणं होतं. प्रत्येक जागी कामाचं ठरेल असं एकही रूप नाही. म्हणूनच रानात थोडी साधी झाडं उभी असतील तर तिथे धड जनुकाची अळी पुढे सरकते आणि मोडक्या जनुकाची मागे पडते. पर्यावरण बदलेल तसा हिशेब उलटतो, सुलटतो.

नागपूरच्या केंद्रीय कापूस संशोधन संस्थेपासून गावच्या कृषी सहायकापर्यंत सगळे आता जे सांगतात, त्यामागचं शहाणपण यातून कळतं. फरदड घेऊ नका, डिसेंबरअखेर पीक काढा, पऱ्हाट्यांचा नायनाट करा, कमी मुदतीचं वाण लावा, कामगंध सापळे लावून नर पतंगांवर नजर ठेवा. शेतात खायला काहीच नसेल तर धड कॅडेरिनची अळी उपाशी मरते आणि मोडक्या कॅडेरिनचीही. उपासमार कॅडेरिन बघत नाही, त्यामुळे ती मोडक्या जनुकाला जादा गुण देत नाही.

पण म्हणून हा उपाय अमर आहे असं समजू नये. अमेरिकेत मक्यावरच्या मुळं खाणाऱ्या एका भुंग्याला उपाशी मारण्यासाठी शेतकरी एक वर्ष मका, एक वर्ष सोयाबीन असं आलटून पालटून घेत. भुंग्याची अंडी जमिनीत एक हिवाळा काढून फुटायची आणि समोर सोयाबीन बघून पिल्लं मरायची. काही अंडी मात्र जन्मतःच दोन हिवाळे झोपणारी होती. ती फुटली तेव्हा समोर मका होता. आता तिथल्या काही भागांत दोन वर्षं झोपणारी अंडी भरपूर आहेत. जपानमध्ये शिझुओकाच्या चहामळ्यांत मादीच्या गंधाने नरांना भुलवून कीड आवरत होते. १९९० च्या दशकात त्या भुलाव्यालाही न फसणारे पतंग निघाले. विष, भूक, गंध, कुठलीही परीक्षा असो, एकच प्रश्न दरवर्षी सगळ्या रानाला घातला की उत्तर माहीत असलेली अळी त्या कोट्यवधींच्या गर्दीत आधीच बसलेली असते.

म्हणून प्रश्न बदलते ठेवायचे, एका वेळी अनेक घालायचे, आणि नापास होणाऱ्या अळ्यांचा वंश बुडू द्यायचा नाही. बीटीला बळी पडणारी अळी ही नदीच्या पाण्यासारखी सामाईक मालमत्ता आहे. एकाने उपसा केला तर खालच्या सगळ्या गावांचं पाणी कमी होतं, आणि राखायची तर सगळ्यांनी मिळूनच राखावी लागते. अ‍ॅरिझोनात शेतकरी, विद्यापीठ, सरकार एकत्र आले म्हणून ते जमलं. चीनमध्ये स्वस्त बियाण्याने ते योगायोगाने जमवलं. आपल्याकडे ते काम १२० ग्रॅमच्या एका पुडीवर आणि एकेकट्या शेतकऱ्याच्या सद्‍बुद्धीवर सोडलं गेलं. उद्या तिसऱ्या विषाचं बियाणं येईल तेव्हा ते किती उत्पन्न देतं हे विचारलं जाईलच. त्याआधी विचारायला हवं, की त्याच्यासोबत अळीला जगायला किती जागा ठेवली आहे, आणि त्या जागेची नुकसानभरपाई कोण देणार आहे.